सपरीतला उजेड आणि माणसाचा चेहरा

भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यातल्या एकोडीसारख्या गावात माणसांचे फोटो काढायला शिकू पाहणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो तो कॅमेऱ्याचा. कुठला घ्यावा, मोबाइलवर भागेल का, वेगळी लेन्स लागेल का, लाइट विकत आणावा का. प्रश्न रास्त आहेत, पण ते नंतरचे. आधी एवढंच पाहा की तुमच्या घराची सपरी कुठल्या दिशेला उघडते. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत जुन्या कवेलूच्या, म्हणजे कौलांच्या घराला पुढून मोकळी आणि वरून उतरत्या छपरानं झाकलेली जी सपरी असते, ती चेहऱ्याच्या फोटोसाठी जवळजवळ तयार स्टुडिओ आहे. छप्पर डोक्यावरचा उजेड अडवतं, त्यामुळे डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडत नाहीत. समोरून मात्र आकाशाचा भलामोठा तुकडा चेहऱ्यावर उजेड टाकत असतो. सूर्य दिसत नाही आणि आकाश दिसतं, अशी जागा पोर्ट्रेटसाठी शोधायची असते. ती बहुतेकांच्या घरातच असते, आणि तरीही आपण फोटोसाठी माणसाला उचलून भर उन्हात अंगणाच्या मधोमध उभं करतो.

उन्हात काय होतं ते समजून घेऊ. सूर्य प्रचंड असला तरी आपल्यापासून इतका लांब आहे की आकाशात तो लहानशा ठिपक्याएवढाच दिसतो. उजेडाचा उगम असा लहान असला की सावली धारदार पडते: नाकाची गालावर, भुवयांची डोळ्यांवर, टोपीची अर्ध्या चेहऱ्यावर. उगम मोठा असला, म्हणजे ढगाळ आकाश असो, रुंद दार असो की चुन्यानं पांढरी केलेली भिंत असो, तर उजेड अनेक बाजूंनी येतो आणि सावलीच्या कडा विरघळतात. उजेड मऊ की कडक हे त्याच्या तेजावर ठरत नाही. फोटो काढायच्या माणसाच्या जागेवरून पाहिलं तर तो उगम केवढा दिसतो, यावर ठरतं. म्हणून तीच खिडकी माणूस जवळ बसला की मऊ उजेड देते आणि तो दहा फूट आत गेला की कडक होत जाते.

वीज नव्हती तेव्हाच्या फोटोग्राफरांना हे पक्कं ठाऊक होतं. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, लगेच पुढच्या वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला, आणि भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखी माणसं हे तंत्र आपलंसं करू लागली. त्या काळात एका फोटोला काही सेकंद लागत. मान हलू नये म्हणून मागून लोखंडी आधार लावत. जगभरचे स्टुडिओ तेव्हा इमारतीच्या वरच्या मजल्यावर असत आणि त्यांच्या छताचा किंवा भिंतीचा मोठा भाग काचेचा असे. उत्तर गोलार्धात ती काच शक्यतो उत्तरेकडची, कारण उत्तरेकडून थेट ऊन येत नाही, दिवसभर एकसारखा आकाशाचा उजेड येतो.

आपल्याकडे या नियमाला थोडा अपवाद आहे. भंडारा जिल्हा २१ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. त्यामुळे मेअखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्यावरून किंचित उत्तरेकडे सरकलेला असतो. शिवाय मार्चअखेर ते सप्टेंबर या काळात तो ईशान्येकडे झुकून उगवतो आणि वायव्येकडे मावळतो, म्हणून उत्तरेच्या सपरीतही सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन शिरतं. बाकी वर्षभर उत्तरेची सपरी निर्धोक आहे. पूर्वेची असेल तर ऊन सरकल्यावर, म्हणजे साडेदहा-अकरानंतर वापरा. पश्चिमेची सकाळी वापरा. दक्षिणेच्या सपरीत हिवाळ्यात ऊन आतपर्यंत येतं. तिथं एक जुनं पांढरं लुगडं किंवा धोतर दोरीवर पसरून उन्हाच्या आड टांगलं की तेच कापड उजेडाचा मोठा, मऊ उगम होतं.

आता माणसाला बसवू. स्टूल सपरीच्या कडेपासून दोन-तीन फूट आत ठेवा. त्याहून आत गेलात तर उजेड झपाट्यानं कमी होतो, आणि अगदी कडेला बसवलंत तर डोक्यावरचा उजेड पुन्हा कपाळावर येतो. माणसाचं तोंड आधी सरळ अंगणाकडे करा. चेहरा एकसारखा उजळेल, सुरकुत्या कमी दिसतील, पण चेहरा काहीसा सपाट वाटेल. मग त्याला हळूहळू एका बाजूला वळायला सांगा आणि नाकाच्या सावलीवर लक्ष ठेवा. ती सावली गालावर थोडी उतरली आणि ओठापर्यंत पोचली नाही, तिथं थांबवा. नव्यानं शिकणाऱ्यानं हीच जागा पहिल्यांदा हाताशी बसवावी, कारण ती बहुतेक चेहऱ्यांना शोभते. आणखी वळवलंत तर नाकाची सावली गालाच्या सावलीला मिळते आणि अंधाऱ्या बाजूच्या डोळ्याखाली उजेडाचा एक त्रिकोण उरतो. डच चित्रकार रेम्ब्राँ याच्या चित्रांत असा उजेड दिसतो, म्हणून या उजेडाला त्याचंच नाव मिळालं आहे. रापलेल्या, राकट चेहऱ्याच्या शेतकऱ्याला तो फार खुलून दिसतो. लहान मुलाला किंवा नव्या नवरीला तो क्वचितच शोभतो.

सगळ्यात आधी डोळे पाहा. बुबुळात वरच्या बाजूला, घड्याळात दहा किंवा दोन वाजतात त्या जागी, उजेडाचा पांढरा ठिपका दिसला पाहिजे. तो नसेल तर माणूस कितीही हसला तरी फोटोत डोळे विझल्यासारखे दिसतात. हनुवटी बोटभर वर घ्यायला सांगितली तरी तो ठिपका परत येतो. गौतम राजाध्यक्ष (१९५०–२०११) यांनी काढलेले कलावंतांचे फोटो त्यांच्या ‘चेहरे’ या पुस्तकात आहेत. ते मिळालं तर माणूस कोण आहे हे विसरून फक्त दोन गोष्टी शोधा: डोळ्यातला ठिपका कुठं आहे आणि हनुवटीखालची सावली कुठल्या बाजूला झुकली आहे. एवढ्यावरून उजेड कुठून आला, किती वरून आला आणि केवढा मोठा होता हे कळायला लागतं. मासिकातल्या, पोस्टरवरच्या, लग्नाच्या अल्बममधल्या कुठल्याही फोटोवर हा अभ्यास करता येतो आणि त्याला पैसे लागत नाहीत.

माणूस मिळेपर्यंत स्वतःच्या हातावर शिका. मूठ आवळून हात समोर धरा आणि जागच्या जागी गोल फिरा. बोटांच्या सांध्यांवरचा उजेड-सावलीचा खेळ प्रत्येक दिशेला बदलेल, आणि चेहऱ्यावरही अगदी तसंच घडणार असतं. मूठ जिथं गोलाईदार आणि मऊ दिसते तिथं माणसाला उभं करा. घरात, शाळेच्या व्हरांड्यात, लग्नाच्या मांडवात, कुठंही गेलात की आधी मूठ फिरवून पाहायची सवय लावून घ्या.

सावलीची बाजू फारच काळी पडत असेल तर त्या बाजूनं काहीतरी पांढरं धरा. टीव्ही किंवा फ्रिजच्या खोक्यातला थर्माकोल, छापील फ्लेक्सची पांढरी पाठ, धुतलेली चादर, काहीही चालतं. चेहऱ्यापासून दीड-दोन फुटांवर, फोटोत येणार नाही एवढं जवळ आणा. पुढे-मागे करताना डोळ्यांदेखत गाल उजळताना आणि काळवंडताना दिसतो, आणि हा फरक एकदा डोळ्याला कळला की तो कायमचा कळतो. म्हातारी आजी बसली असेल तर तिच्या मांडीवर उघडं वर्तमानपत्र ठेवलं तरी हनुवटीखालची सावली हलकी होते. चंदेरी कागद मात्र जपून वापरा, त्याचा उजेड कडक असतो आणि डोळे मिटायला लावतो.

आजूबाजूचे रंगही चेहऱ्यावर येतात. आपल्याकडच्या निळ्या आणि हिरव्या भिंती डोळ्याला छान वाटतात, पण माणूस भिंतीला टेकून बसला की तोच रंग त्याच्या गालावर चढतो. भिंतीपासून तीन-चार फूट पुढं बसवा. शेणानं सारवलेलं अंगण उजेड फारसा परतवत नाही. सिमेंटचं अंगण भरपूर परतवतं, त्यामुळे दुपारी त्यावर ऊन असताना खालूनच उजेड येऊन नाकपुड्या आणि भुवयांची खालची बाजू उजळते, आणि चेहरा ओळखीचा वाटत नाही. अशा वेळी अंगणात समोर एखादी गडद सतरंजी किंवा घोंगडी पसरा. लग्नात लाल-पिवळ्या कापडाच्या मांडवाखाली सगळे चेहरे लालसर होतात. तो रंग नंतर संगणकावर काढता काढता त्वचेचा मूळ रंगही जातो, म्हणून नवरा-नवरीचे चेहऱ्याचे फोटो मांडवाच्या कडेला, उघड्या आकाशाकडे तोंड करून काढावेत.

झाडाखाली फोटो काढणाऱ्यांसाठी एक सूचना. आंब्याची किंवा चिंचेची सावली दाट असेल तर उत्तम, पण पानांतून कवडसे पडत असतील तर तिथं उभं राहू नका. एक कवडसा नाकावर आणि एक कपाळावर पडला की तो फोटो कुठल्याही मोबाइलनं सुधारत नाही. झाडाच्या सावलीच्या कडेला या, तोंड बाहेरच्या उघड्या आभाळाकडे करा, पाठीमागं सावली राहू द्या.

वर्षाचा उजेड

डिसेंबरात आपल्या भागात दुपारचा सूर्य क्षितिजापासून साधारण ४५ अंशांवरच चढतो. मे-जूनमध्ये तो जवळजवळ थेट डोक्यावर येतो. हा फरक फोटोग्राफरासाठी प्रचंड आहे. हिवाळ्यातलं दुपारचं ऊन तिरपं असतं, स्टुडिओतला दिवा साधारण ज्या उंचीवर लावतात त्याच उंचीवरून ते येतं, म्हणून दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे गावजत्रांच्या दिवसांत उघड्यावर काढलेले फोटोही बरे येतात. मेमध्ये मात्र सकाळी नऊनंतर आणि दुपारी साडेचारच्या आधी माणसाला उघड्यावर उभं करू नये. लग्नं नेमकी याच काळात असतात आणि वरात दुपारीच दारात येते, हे मला माहीत आहे. तेव्हा निदान माणसाची पाठ उन्हाकडे करा. केसांच्या आणि खांद्यांच्या कडा उजळतील, चेहरा सावलीत राहील, आणि एक्स्पोजर, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा ते, चेहऱ्यावरून ठरवता येईल. पाठीमागचं आकाश पांढरं होऊन गेलं तरी चालेल, कारण आपल्याला आकाश नको, माणूस हवा आहे.

पावसाळ्यात आभाळ भरलेलं असतं आणि सगळ्यांना वाटतं की ढगाळ उजेड म्हणजे उत्तमच. तो मऊ असतो, पण येतो वरून. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन निघालेल्या मुलांचे फोटो पाहा: डोळ्यांखाली करडी छाया असते, कारण मुलं खाली बैलाकडे पाहत असतात आणि उजेड डोक्यावर असतो. तुम्ही खाली बसा, मुलाला तुमच्याकडे किंचित वर बघायला लावा, किंवा त्याला एखाद्या ओट्यावर, छपराच्या कडेखाली घ्या. मुलांसाठी शटर १/२५० सेकंदापेक्षा हळू ठेवू नका, नाहीतर हसू येईपर्यंत चेहरा हललेला असतो.

धानाच्या रोवणीच्या काळातला उजेड मला सगळ्यात आवडतो. बांधीत पाणी भरलेलं असतं, वर ढग असतात, आणि वाकून रोवणी करणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर पाण्यातून परतलेलं आभाळ खालून पडतं. एरवी वाकलेला चेहरा अंधारात गेला असता, इथं तो उजळतो. धुऱ्यावर बसून कॅमेरा त्यांच्या चेहऱ्याच्या उंचीवर आणा. मात्र काम करणाऱ्या बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढायचे नाहीत. “मावशी, फोटो काढू का?” एवढं विचारलं आणि त्या नाही म्हणाल्या, तर कॅमेरा खाली ठेवायचा.

कॅमेरा काय मोजतो

उजेड बरोबर मिळाला तरी फोटो काळा किंवा पांढराफटक येतो, तेव्हा दोष मोजणीचा असतो. कॅमेऱ्याला समोर माणूस आहे, धोतर आहे की अंधारं दार आहे हे मुळात कळत नाही. तो एकूण उजेड मोजतो आणि त्याची सरासरी मध्यम करड्या छटेवर आणू पाहतो. ही छटा म्हणजे अंगावर पडलेल्या उजेडापैकी सुमारे १८ टक्के परत पाठवणारी. आता पांढरं धोतर, पांढरा सदरा आणि पांढरी टोपी घातलेले आजोबा समोर बसले की कॅमेऱ्याला सगळंच फार पांढरं वाटतं. तो फोटो गडद करतो, आणि आजोबांचा चेहरा कोळशासारखा होतो. उलट अंधाऱ्या दारासमोर कोणी उभं राहिलं की तो सगळंच उजळ करतो आणि चेहऱ्यावरचे बारकावे पुसून जातात. दोन्ही वेळा कॅमेऱ्यानं त्याचं काम चोख केलेलं असतं. आपण त्याला चेहऱ्याकडे बघायला सांगितलेलं नसतं, एवढंच.

मोबाइलवर ते सांगण्याची रीत सोपी आहे. पडद्यावर चेहऱ्यावर बोट टेकवा. बहुतेक फोनांत बोट दाबून धरलं की फोकस आणि एक्स्पोजर तिथंच कुलूपबंद होतं. शेजारी सूर्याचं चिन्ह किंवा सरकपट्टी येते. ती खाली ओढली की फोटो गडद होतो, वर ओढली की उजळ. कपाळाची, गालाच्या हाडाची आणि नाकाच्या शेंड्याची चमक पाहत पट्टी सरकवा. ती चमक सपाट पांढरा डाग होण्याआधी थांबा, कारण एकदा पांढरा झालेला भाग नंतर परत येत नाही. अंधाऱ्या भागातून थोडंफार काढता येतं. घाम असेल तर दुपट्ट्यानं चेहरा टिपून घ्या. पडदा उन्हात पाहून निर्णय करू नका, सावलीत जाऊन पाहा, आणि पडद्याची चमक मध्यम ठेवा.

कॅमेरा हाताशी असेल तर स्टॉप ही भाषा शिका. एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. शटर १/२५० वरून १/१२५ केलं की एक स्टॉप उजेड वाढला. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाबद्दलची संवेदनशीलता, ४०० वरून ८०० केली, तरी एक स्टॉप. ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, एफ ५.६ वरून एफ ४ केलं, तरीही एकच. लख्ख उन्हात आयएसओ १०० असताना एफ १६ आणि शटर १/१००, हा जुना नियम अजून खरा आहे. मोकळ्या सावलीत त्याहून तीन स्टॉप उजेड कमी असतो, म्हणजे शटर तेच ठेवलं तर एफ ५.६. सपरीत आणखी दोन स्टॉप कमी धरा: आयएसओ ४००, एफ ४, शटर १/२५० यापासून सुरुवात करा. खोलीत दाराजवळ आयएसओ ८००, एफ २.८, शटर १/१२५ च्या आसपास लागेल. कॅमेऱ्यासोबत येणारी लेन्स झूम करून वापरली की बहुधा एफ ५.६ च्या पलीकडे उघडत नाही, तेव्हा आयएसओ ३२०० पर्यंत न्यायला घाबरू नका. फोटोत दाणे दिसले तरी माणूस ओळखता येतो, हललेल्या फोटोत तो ओळखता येत नाही. पुढे कधी एकच लेन्स घ्यायची झाली तर ५० मिमी एफ १.८ घ्या.

करडं कार्ड विकत न आणता मोजणी करायची असेल तर स्वतःचा तळहात वापरा. माणूस काळा असो की गोरा, तळव्याचा उजळपणा साधारण सारखाच असतो, मध्यम करड्यापेक्षा एक स्टॉप जास्त. फोटो काढायच्या चेहऱ्याजवळ, त्याच उजेडात तळहात धरा, त्यावर मोजणी घ्या आणि त्यापेक्षा एक स्टॉप जास्त उजेड द्या. धोतर, टोपी, पाठीमागचं अंधारं दार यांनी आता काहीही फरक पडत नाही.

इथं त्वचेच्या रंगाबद्दल बोलायलाच हवं, कारण एक्स्पोजरची सगळ्यात मोठी चूक आपण जाणूनबुजून करतो. सावळ्या मुलीचा स्थळासाठीचा फोटो “जरा उजळ” काढून मागतात, स्टुडिओवालेही न विचारता तो उजळ करतात, आणि मोबाइल तर ब्युटी मोडमध्ये गालावरचे तीळ आणि व्रण दोन्ही पुसून टाकतो. ही सवय आपल्यापुरती नाही. कोडॅकच्या रंगीत फिल्मसाठी प्रयोगशाळा ज्या नमुना फोटोवरून रंग जुळवत, त्यावर अनेक वर्षं गोरी बाई असे, आणि त्या कार्डांना ‘शर्ली कार्ड’ म्हणत. गोरी त्वचा बरोबर आली की काम झालं, अशीच समजूत होती. गडद रंग नीट उमटवण्यासाठी पुढे फिल्म सुधारली, त्यात चॉकलेट आणि लाकडी फर्निचर यांच्या जाहिराती करणाऱ्यांच्या तक्रारींचाही वाटा होता. आताच्या फोनांत रंग पुष्कळ सुधारले आहेत, तरीही ब्युटी मोड आधी बंद करा.

सावळ्या चेहऱ्याचं सौंदर्य उजळपणात नसतं, चमकेत असतं. गडद त्वचेवर उजेड परावर्तित होऊन गालाच्या हाडावर, कपाळावर, नाकाच्या कडेला जी झळाळी येते, ती गोऱ्या त्वचेवर तितकी दिसत नाही. ती झळाळी मोठ्या आणि बाजूनं येणाऱ्या उजेडात फुलते, म्हणून सावळ्या माणसाला अधिक उजेड द्यायचा तो एक्स्पोजर वाढवून नाही, तर त्याला दाराच्या जवळ आणून आणि उजेडाकडे थोडं वळवून. मागची बाजू चेहऱ्याहून गडद किंवा बरीच उजळ ठेवा. त्याच छटेची ठेवलीत तर केस आणि चेहरा पाठीमागच्या रंगात मिसळून जातात. फोटो पाहताना एकच कसोटी लावा: त्या माणसाला रोज पाहणाऱ्या घरच्या माणसाला रंग खरा वाटतो का.

या सगळ्याचा आग्रह मी का धरतो, तेही सांगतो. गावोगाव घरात भिंतीवर हार घातलेले फोटो असतात. त्यातले कितीतरी आधारकार्डावरून किंवा कुणाच्यातरी लग्नाच्या गर्दीतून कापून मोठे केलेले असतात. चेहरा धूसर, मागं कुणाचा तरी खांदा. ज्या बाईनं त्या घरात पन्नास वर्षं काढली तिचा एकही स्वच्छ फोटो नसतो, कारण कोणी तिला दोन मिनिटं बरोबर उजेडात बसवलेलं नसतं. तुम्ही शिकत असाल तर पहिली माणसं घरातली म्हातारी निवडा. त्यांना वेळ असतो, त्यांच्या चेहऱ्यावर उजेडाला करायला पुष्कळ काम असतं, आणि तुमच्या सरावाचा त्यांना उपयोगही होतो. “आजी, जरा दाराकडं पाहा,” म्हणा आणि तिला बोलतं ठेवा. फोटो बोलता बोलता काढा, “हसा” असं म्हणून नाही.

आणखी एक तांत्रिक गोष्ट: फोन चेहऱ्याच्या अगदी जवळ नेऊ नका. दीड फुटावरून काढलेल्या फोटोत नाक मोठं आणि कान लहान दिसतात. पाच-सहा फूट मागं जा आणि फोनमधली दुप्पट झूमची लेन्स असेल तर ती वापरा. लांबून समोरच्या माणसावरचं दडपणही कमी होतं.

घरात आणि रात्री

रात्रीच्या फोटोंचा पहिला शत्रू म्हणजे मिसळलेला उजेड. पिवळा बल्ब साधारण २७०० केल्व्हिनचा, पांढरा एलईडी ६५०० च्या आसपास, दिवसाचा उजेड ५५०० च्या जवळपास. दारातून दिवसाचा उजेड आणि वरून बल्ब, असं दोन्ही असलं की अर्धा चेहरा निळसर आणि अर्धा पिवळा येतो. कॅमेरा एका वेळी एकच रंग बरोबर करू शकतो. म्हणून दिवसा फोटो काढताना घरातले दिवे विझवा, आणि रात्री एकाच प्रकारचे ठेवा.

दुसरी अडचण लुकलुकण्याची. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आणि स्वस्तातले एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला ते दिसत नाही, पण फोटोत आडवे काळे पट्टे येतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं की पट्टे जातात.

मोबाइलचा फ्लॅश शक्यतो वापरूच नका. तो लहान आहे आणि लेन्सच्या अगदी शेजारी आहे, म्हणून चेहरा सपाट दिसतो, कपाळ चमकतं आणि मागचं सगळं काळं होतं. दिव्यापासून अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो, या नियमानं पहिल्या रांगेतले लोक पांढरे आणि मागचे अंधारात, असं समूहाच्या फोटोत होतंच. कॅमेऱ्याला वेगळा फ्लॅश असेल तर तो पांढऱ्या भिंतीवर मारा आणि भिंतीवरून परतू द्या. कवेलूच्या छपरावर मारलेला फ्लॅश मात्र वाया जातो, काळपट लाकूड आणि लाल कवेलू त्याला गिळतात. तिथं बाजूला पांढरी चादर टांगून तिच्यावर मारा. फ्लॅश नसेल तर एकच मोठा एलईडी चादरीच्या पलीकडे ठेवला तरी घरगुती पोर्ट्रेट पुष्कळ बरं येतं.

मंडईच्या रात्री झाडीपट्टीचं नाटक असतं, तिथं फ्लॅश मुळीच नको. नटांना त्रास होतो, आणि रंगमंचावरचा सगळा उजेड, ज्यासाठी कुणीतरी मेहनत घेतलेली असते, तो फोटोतून नाहीसा होतो. मागं काळा पडदा आणि पुढं झगमगीत चेहरा असल्यामुळे कॅमेरा हमखास चेहरा पांढरा करतो. मोजणी फक्त मधल्या छोट्या भागाची घेणारी सोय असेल तर ती चेहऱ्यावर ठेवा, मोबाइल असेल तर चेहऱ्यावर बोट दाबून पट्टी बरीच खाली ओढा. नट संवाद संपवून क्षणभर थांबतो, तेव्हा बटण दाबा.

पासपोर्ट आकाराचा, ३५ × ४५ मिमीचा फोटो सगळ्यांना लागतो, आणि त्यात नेहमीची चूक म्हणजे पाठीमागच्या पांढऱ्या कापडावर डोक्याची सावली. माणसाला कापडापासून तीन-चार फूट पुढं घ्या आणि तोंड सरळ उजेडाकडे करा. पांढऱ्या पार्श्वभूमीमुळे चेहरा काळवंडतो, तेव्हा एक्स्पोजर दोन-तृतीयांश ते एक स्टॉप वाढवा.

फोटो छापायला लॅबमध्ये देताना तोंडी सांगा की रंग आणि उजेडात कसलंही करेक्शन करू नका. न सांगता दिला तर तुम्ही कष्टानं राखलेला रंग तिथं पुन्हा उजळून येतो. आधी एकच लहान, चार बाय सहा इंचाचा प्रिंट काढून घ्या आणि तो दुकानातल्या ट्यूबखाली न पाहता बाहेर दिवसाच्या उजेडात पाहा. गडद वाटला तर मूळ फाइलमध्ये थोडा उजेड वाढवून दुसरा काढा. भिंतीवर लावायच्या मोठ्या प्रिंटसाठी मॅट कागद घ्या, म्हणजे दारातला उजेड काचेवर आणि कागदावर दोन्हीकडे चमकणार नाही. फ्रेम करण्याआधी प्रिंटच्या मागं मऊ पेन्सिलीनं नाव, गाव आणि तारीख लिहून ठेवा.